अभ्यासगटातली मैत्री : विदर्भाच्या खेड्यातून व्यवस्थापन शिकायला निघालेल्यांसाठी

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली अशा जिल्ह्यांतील खेड्यांमधून काही मुले-मुली व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी बाहेर पडतात. कोणी नागपूरच्या मिहानमधील आयआयएममध्ये जातो, कोणी पुण्याला, अहमदाबादला किंवा कोलकात्याला, आणि एखादी शैक्षणिक कर्ज काढून थेट फ्रान्सला किंवा सिंगापूरला पोहोचते. कॅट या प्रवेशपरीक्षेची तयारी कशी करावी, मुलाखतीत काय विचारतात, बँकेत कोणती कागदपत्रे न्यावीत, हे सांगणारी माणसे आता तालुक्याच्या गावीही भेटतात. मात्र पहिल्याच आठवड्यात संस्थेकडून जी यादी येते आणि जिच्यात आपले नाव चार-पाच अनोळखी नावांच्या शेजारी छापलेले असते, त्या अभ्यासगटात राहावे कसे, याविषयी कोणी फारसे सांगत नाही. मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून अशा गटात गेले आणि आता तिकडे निघालेल्यांशी माझे बोलणे होत असते; त्या बोलण्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे देत आहे.

गट कशासाठी असतो

व्यवस्थापनाच्या अनेक नामांकित संस्थांमध्ये केस पद्धतीने शिकवतात. १९०८ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने ही पद्धत रुजवली आणि त्याच संस्थेच्या सहकार्याने १९६१ मध्ये उभ्या राहिलेल्या अहमदाबादच्या आयआयएमने ती आपल्याकडे रूढ केली. एखाद्या कंपनीसमोरचा खरा पेच काही पानांत मांडलेला असतो. तो आधी एकट्याने वाचायचा, मग गटात त्यावर वाद घालायचा आणि शेवटी वर्गात सर्वांसमोर आपली भूमिका मांडायची, असा क्रम असतो. दुसऱ्या दिवसासाठी अशा दोन-तीन केस असल्या म्हणजे एकट्याच्या बळावर सगळे निभावत नाही, आणि गटाने मिळून केलेल्या अहवालाला तर बहुधा सर्वांना मिळून एकच गुण असतो. त्यामुळे गटाशी पटले नाही तरी चालेल, आपण आपला अभ्यास करू, हा विचार तेथे टिकत नाही.

संस्था हे गट मुद्दाम मिसळून बनवतात. फ्रान्समधील फोन्तेनब्लो येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या इन्सिआडमध्ये पाच-सहा जणांच्या गटात शक्य तितके वेगळे देश आणि वेगळे पेशे एकत्र येतील अशी व्यवस्था केली जाते. भारतातील संस्थांमध्ये परदेशी विद्यार्थी थोडे असतात. परंतु मिझोरामची अर्थशास्त्राची पदवीधर, तमिळनाडूचा अभियंता, मारवाडी घरातील सनदी लेखापाल, दिल्लीची वकील आणि तुम्ही, एवढी सरमिसळ येथेही सहज होते आणि पहिल्या दिवशीचे अवघडलेपण फ्रान्समधील गटापेक्षा कमी नसते.

वेगवेगळ्या समाजांतील माणसे एकत्र आली म्हणजे आपोआप जवळ येत नाहीत, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले होते. त्यांनी चार अटी सांगितल्या: दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य लागावे आणि वरच्या संस्थेचा त्याला पाठिंबा असावा. अभ्यासगटात यांतील शेवटच्या तीन अटी संस्था स्वतःच पूर्ण करून देते. पहिली अट मात्र यादीने पूर्ण होत नाही, कारण इंग्रजीचा सराव, आधीची नोकरी, घरचा पैसा, बोलण्याची सवय यांमुळे गटात पहिल्याच बैठकीत चढउतार तयार होतो. पुढील सर्व सूचना ही बरोबरी कशी आणावी याच्याशी संबंधित आहेत, कारण माझ्या मते खेड्यातून गेलेल्या विद्यार्थ्याची मैत्री अडते ती तिथेच.

पहिल्या बैठकीतील नावे आणि न विचारायचे प्रश्न

गटातील प्रत्येकाचे नाव त्याच्याकडून ऐकून, त्याच्यासमोर दोनदा उच्चारून घ्यावे. तमिळनाडूतील अनेकांना आपल्यासारखे आडनाव नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी नावांत कुळाचे नाव आधी येते. कोणत्या नावाने हाक मारू, एवढे विचारले की गोंधळ उरत नाही. आपले नावही सोपे करून देऊ नये. ज्ञानेश्वर किंवा भाग्यश्री हे नाव केनियाच्या किंवा जर्मनीच्या माणसाला दोन दिवसांत नीट म्हणता येते. पहिल्याच दिवशी आपण त्याचे तुकडे करून दिले तर दोन वर्षे तेच तुकडे ऐकावे लागतात.

आपल्याकडे ओळख झाली की पाठोपाठ आडनाव विचारले जाते आणि ते कशासाठी विचारले जाते हे दोघांनाही ठाऊक असते. हा प्रश्न गटात विचारू नये. कॅटमध्ये किती पर्सेंटाइल मिळाले हा प्रश्न वरून निरुपद्रवी दिसतो, परंतु भारतातील संस्थांमध्ये त्यातून समोरच्याचा प्रवेश कोणत्या प्रवर्गातून झाला हे काढले जाते, म्हणून तोही टाळावा. तुम्हाला कोणी विचारला तर उत्तर देण्यास तुम्ही बांधील नाही. त्याऐवजी आधी कोणते काम करत होतास, कोणता विषय जड जाईल असे वाटते, सकाळी अभ्यास होतो की रात्री, हे विचारावे. या उत्तरांवर पुढची बैठक ठरवता येते.

भाषेचा अडसर

जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत मोठी धास्ती इंग्रजीची असते, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पहिल्या सत्रात गटातील बोलणे भराभर पुढे जाते आणि आपले वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. यावर एक उपाय हमखास लागू पडतो: बैठकीला जाण्यापूर्वी केसवरील आपले तीन मुद्दे अर्ध्या पानावर इंग्रजीत लिहून न्यावेत आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांपैकी एक बोलून टाकावा. उशिरा बोलायचे ठरवले की बहुधा बोलणे होतच नाही, आणि दोन आठवडे गप्प बसलेल्या माणसाविषयी गट आपले मत पक्के करून बसतो.

समजले नाही तर तिथेच थांबवून विचारावे. तुमच्यासोबत गटातला जपानी किंवा ब्राझीलचा विद्यार्थीही बहुधा त्याच वाक्यावर अडलेला असतो. दुसरीकडे, गटातील चौघांना हिंदी येते म्हणून बोलणे हिंदीत घसरू लागले आणि पाचवा केरळचा किंवा नायजेरियाचा असेल, तर इंग्रजीकडे परत वळवण्याचे काम तुम्हीच करावे. ज्याला इंग्रजी अवघड जाते त्याने हे सुचवले तर त्याचा मान वेगळा राहतो. दुसऱ्या गटातला कोणी वऱ्हाडी भेटला तर त्याच्याशी मनसोक्त आपल्या बोलीत बोलावे, मात्र गटाच्या टेबलाशी नाही.

होकार आणि नकार यांबाबत विशेष सांभाळावे लागते. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणे वाईट दिसते. आपण मान हलवतो, पाहू म्हणतो, आणि आपल्या गावात त्याचा अर्थ सर्वांना कळतो. डच किंवा जर्मन सहकारी मात्र ते वचन समजून आपल्या कामाच्या वहीत लिहून ठेवतो. त्याने तुमच्या मसुद्यातील चूक सर्वांसमोर थेट दाखवली तर तो अपमान नसतो, त्याच्याकडे ती नेहमीची पद्धत असते. मात्र सगळे जर्मन असेच आणि सगळे जपानी तसेच, असा ठोकताळा बांधून बसू नये. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या संस्कृतींची जी तुलना केली आणि जी व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात शिकवली जाते, ती मुळात १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलींवर उभी आहे, आणि तिच्यातील आकडे देशाच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेल्या माणसाला आपण सरासरी म्हणून भेटत नसतो.

मागायला शिकणे

खेड्यातून गेलेली मुले देण्यात कमी पडत नाहीत. कोणी आजारी पडले तर रात्रभर बसतात, घरून आलेला डबा सर्वांसमोर उघडतात, कोणाचे राहिलेले काम निमूट करून टाकतात. त्यांना जमत नाही ते मागणे. कोणाच्या उपकाराखाली राहू नये, ही शिकवण घरातून आलेली असते, आणि सावकाराचे व्याज ज्या घरांनी पाहिले आहे तेथे ती असणे स्वाभाविक आहे. परंतु गटात जो केवळ देतो आणि कधीच काही मागत नाही, त्याच्याशी बाकीचे आदराने वागतात. मैत्री सहसा होत नाही, कारण त्याला आपली गरज आहे असे कोणाला वाटतच नाही. दोन शेतकऱ्यांकडे एकेकच बैल असला की ते सावड करतात, आज तुझ्या शेतात आणि उद्या माझ्या शेतात. त्यात दुसऱ्याचा बैल मागताना कोणाला लाज वाटत नाही, कारण आपला बैलही जाणार हे ठरलेले असते. अभ्यासगटात मागणे हे याच हिशेबात बसते.

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातील एका विरोधकाकडून त्याच्या संग्रहातील दुर्मिळ पुस्तक काही दिवसांसाठी मागून घेतले आणि आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केले. तो विरोधक पुढे शेवटपर्यंत त्यांचा स्नेही राहिला, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. १९६९ मध्ये जेकर आणि लँडी या संशोधकांनी हीच गोष्ट प्रयोगाने तपासली. प्रयोगात पैसे जिंकलेल्यांपैकी काहींना संशोधकाने स्वतः भेटून, माझे पैसे संपत आले आहेत, ते परत द्याल का, अशी विनंती केली. ज्यांनी त्याच्या विनंतीवरून पैसे परत दिले, त्यांना तो इतरांपेक्षा अधिक आवडला. उपकार करणाऱ्याच्या मनात ओढ निर्माण होते, हे आपल्या सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे.

मागावे कसे, यालाही रीत आहे. मला अकाउंट्स समजत नाही, असे सांगितले तर सनदी लेखापाल असलेला गटमित्र सहानुभूती दाखवील आणि आपल्या कामाला लागेल. रोख प्रवाह पत्रकात घसारा नफ्यात परत का मिळवतात, एवढे मला आज जेवणानंतर पंधरा मिनिटांत समजावशील का, असे विचारले तर तो कागद ओढून बसेल. मागणी नेमकी असावी, तिला वेळेची मर्यादा असावी आणि नकार देण्याची मोकळीक असावी. समजल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच पद्धतीने सोडवलेले एक उदाहरण त्याला दाखवावे. आभाराच्या लांब संदेशापेक्षा त्याला ते अधिक आवडते.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे गटाला देण्यासारखे काय आहे, हे खेड्यातील विद्यार्थ्याला अनेकदा स्वतःलाच माहीत नसते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातील निम्म्या संकल्पना तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. रांगेचे गणित शिकवताना प्राध्यापक बँकेच्या खिडकीचे उदाहरण देतात. तुम्ही हंगामात जिनिंगच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग पाहिली आहे, पाळीची वाट पाहताना भाव पडला तर काय होते हे पाहिले आहे. कच्च्या मालाचे उत्पादनात रूपांतर होताना वजन किती घटते, हे तुम्ही आकड्यांत सांगू शकता: एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी असते, आणि १७० किलोची एक गाठ बांधायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. खेळत्या भांडवलाविषयी बोलताना तालुक्यातील कृषी केंद्राचा मालक जूनमध्ये बियाणे आणि खत उधार देऊन सोयाबीन निघेपर्यंत पैशाची वाट कशी पाहतो, हे सांगावे. महिला बचत गटातील हप्त्याची शिस्त, कृषी उत्पन्न बाजार समितीतील लिलाव, दुधाच्या संकलन केंद्रातील फॅटचे मोजमाप, यांपैकी प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या केसमध्ये कामी येते.

गटात इंग्लंडचा किंवा अमेरिकेचा कोणी असेल तर जागतिक पुरवठा साखळीवरील चर्चेत आणखी एक धागा हाती असतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाची मागणी एकाएकी वाढली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. आपल्या पणजोबांच्या शेताचा आणि त्याच्या गावच्या गिरणीचा असा संबंध होता, हे कळल्यावर तुम्हा दोघांचे बोलणे केसच्या बाहेर जाते.

अर्थात, शेतीचा विषय निघाला की गटाने तुमच्याकडेच पाहावे आणि बाकी वेळी तुम्ही गप्प बसावे, अशी वाटणी होऊ देऊ नये. वित्त किंवा विपणनाच्या केसमध्येही आपले मत मांडत राहावे, चुकीचे ठरले तरी.

कामाव्यतिरिक्तचा वेळ

कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ओळखीच्या माणसाशी साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, पक्की मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जिवाभावाचे नाते जुळायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो. त्यातील महत्त्वाची बाब अशी की केवळ एकत्र काम करण्यात गेलेले तास तितकेसे उपयोगी पडत नाहीत. रात्री दोनपर्यंत एक्सेलवर शेजारी बसलेले गटमित्र सत्र संपल्यावर एकमेकांना ओळख दाखवण्यापुरते उरतात, याचे कारण हेच असावे.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी गटाने अभ्यासाचा विषय न काढता एकत्र जेवावे. जागा ठरवताना कोण काय खात नाही, हे एकदा विचारून लिहून ठेवावे: जैन विद्यार्थ्याला कांदा-लसूण चालत नाही, मुस्लिम मित्र हलाल पाहतो, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती आपल्याकडे समजतात त्यापेक्षा फार गंभीर असू शकते. आपल्या जवळजवळ प्रत्येक भाजीत आणि चटणीत शेंगदाण्याचा कूट असतो, तेव्हा घरून आलेला डबा पुढे करण्यापूर्वी हे विचारणे अत्यावश्यक आहे. जवसाची चटणी, मुंगवड्या, पापड हे पदार्थ दूरवर टिकतात आणि ते देताना तिखटाची पूर्वसूचना द्यावी. रमजानमध्ये संध्याकाळच्या बैठकीची वेळ रोजा सोडण्याच्या वेळेवर येऊ देऊ नये. हे त्या मित्राने सांगण्याआधी तुम्ही सुचवले तर त्याला बरे वाटते.

दारूचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जायचे आणि लिंबूपाणी घ्यायचे, एवढेच त्याचे उत्तर आहे. न गेल्यास मोकळ्या गप्पांचे ते तास हातातून जातात, आणि जाऊन इतरांना उपदेश केला तर पुढच्या वेळी कोणी बोलावत नाही. ज्यांच्या घरात किंवा गल्लीत दारूने संसार मोडले आहेत, त्यांना तेथे बसणे जड जात असेल तर त्यांनी गटाला सकाळच्या चहाची किंवा रविवारच्या फिरण्याची वेळ सुचवावी.

पैशाविषयी पहिल्याच महिन्यात स्पष्ट बोलावे. कर्जावर शिकणारा विद्यार्थी दर आठवड्याला महागड्या हॉटेलचे बिल समान वाटून देत राहिला, तर महिन्याच्या अखेरीस तो काही ना काही कारण सांगून टाळू लागतो आणि गटाला वाटते की त्याला आपण आवडत नाही. मला महिन्यात बाहेरच्या जेवणासाठी इतकेच खर्च करता येतात, तेव्हा एक आठवडा मेसमध्ये बसू, असे सांगितले तर बहुतेक गट आनंदाने मान्य करतात; गटात तशीच अडचण असलेला आणखी एक जण बहुधा असतोच.

कामाची वाटणी आणि भांडणे

फ्रेंच अभियंता रिंगेलमान यांनी दोरी ओढण्याच्या प्रयोगांतून दाखवले, आणि १९१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले, की माणसे वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी होतो. अभ्यासगटातही तसेच घडते. त्यामुळे प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीलाच कोणता भाग कोणाचा, कोणत्या दिवशी रात्री किती वाजेपर्यंत, आणि उशीर होणार असेल तर किती आधी कळवायचे, हे लिहून सर्वांना पाठवावे. भूमिका फिरत्या ठेवाव्यात. शांत स्वभावाच्या मुलीकडे टिपणे काढण्याचे आणि खेड्यातील मुलाकडे छपाई व बांधणीचे काम कायमचे चिकटते, असे मी वारंवार ऐकते. दुसऱ्याच अहवालाला या वेळी आकडेमोड माझ्याकडे द्या, असे सांगावे.

मतभेद झाले तर गटाच्या व्हॉट्सॲपवर एक अक्षर लिहू नये. त्या व्यक्तीला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एकटे गाठून, घडलेली गोष्ट आणि तिचा आपल्या कामावर झालेला परिणाम एवढेच सांगावे, स्वभावावर जाऊ नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाटचालीचे जे टप्पे सांगितले त्यांत सुरुवातीनंतर लगेच वादळाचा टप्पा येतो, तेव्हा दुसऱ्या महिन्यात खडाजंगी झाली म्हणून गट बिघडला असे समजण्याचे कारण नाही.

भारतातील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात खरी परीक्षा उन्हाळी इंटर्नशिपच्या निवडीच्या वेळी होते. पहिल्या वर्षीच, दिवाळीच्या आगेमागे, एकाच गटातील चौघे त्याच दोन-तीन कंपन्यांसाठी रांगेत असतात. एकाचे नाव यादीत येते, बाकीच्यांचे येत नाही, आणि त्या रात्री गटात कोणी कोणाकडे पाहत नाही. निवड झालेल्याने त्या दिवशी आपल्या आनंदाचे प्रदर्शन करू नये, परंतु लपूनही बसू नये. न निवडलेल्या मित्राला उद्याच्या मुलाखतीसाठी सराव घेऊ का, असे विचारावे. न निवडलेल्याने, जमेल तेवढ्या लवकर, त्याच मित्राकडे मुलाखतीत काय विचारले ते मागावे. हे मागणे सर्वांत कठीण आहे आणि त्या आठवड्यात तेच सर्वांत उपयोगी पडते.

गटाला गावी नेणे

गट एकमेकांना ओळखू लागला की कधीतरी तुमच्या गावी येण्याचा विषय निघतो, आणि मग पोटात गोळा येतो. घर कुडाचे आहे, पंखा एकच आहे, आई काय म्हणेल, हे सगळे डोळ्यांसमोर येते. माझा सल्ला असा की न्यावे, परंतु तयारी दोन्हीकडची करावी.

मे महिन्यात कोणालाही आणू नये. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पाहुणा दोन दिवस घरातच पडून राहतो. पोळा हा उत्तम मुहूर्त आहे, कारण तो श्रावण अमावास्येला येतो, शेते हिरवी असतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात लहान मुले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात, ते पाहुण्यांना विदर्भाबाहेर सहसा पाहायला मिळत नाही. कापसाची वेचणी पाहायची असेल तर दिवाळीनंतर, आणि हुरडा खायचा असेल तर थंडीत यावे. वाटेत वर्ध्याजवळचे सेवाग्राम दाखवता येते. १९३६ मध्ये गांधीजी जेथे राहायला आले ती मातीची कुटी पाहिल्यावर तुमच्या घराविषयी वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज पडत नाही.

पाहुण्यांना आधीच सांगावे: शौचालय अंगणात आहे, वीज रात्री जाऊ शकते, मोबाइलची रेंज गच्चीवरच मिळते, शेतात जायचे तर बूट हवेत. घरच्यांनाही सांगावे: कोण काय खात नाही, मुलींची झोपण्याची व्यवस्था कोठे असेल, आणि आजोबांनी धर्म-जातीची चौकशी करू नये. शेवटची सूचना पाळली जाईलच असे नाही, म्हणून मित्रांनाही त्याची कल्पना द्यावी. घरात ज्याच्या ताटाला किंवा पेल्याला वेगळे ठेवले जाण्याची शक्यता आहे, असा मित्र गटात असेल तर आधी घरातील हा प्रश्न सोडवावा, नंतरच आमंत्रण द्यावे. तो सुटत नसेल तर गटाला वर्ध्याला किंवा यवतमाळला भेटावे. मित्राला आपल्या अंगणात अपमानित करून घेण्यापेक्षा तो घरी न आलेला बरा.

परदेशी मित्र घरी मुक्काम करणार असेल तर घरमालकाने चोवीस तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या नोंदणीचा अर्ज (पूर्वीचा सी फॉर्म) ऑनलाइन भरून त्याची माहिती सरकारला देणे आवश्यक असते. हॉटेले हे स्वतः करतात, खासगी घरांत कोणाला ठाऊक नसते. पासपोर्ट आणि व्हिसाची छायाचित्रे आधीच मागवून ठेवावीत आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवावे, म्हणजे गावात नाहक चर्चा होत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे नाकारावी. यवतमाळचे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात आणि गटातील कोणी तरी, चांगल्या हेतूने, अशा एखाद्या घरी नेशील का असे विचारतो. त्या घरातील बाई पाहुण्यांना नाही म्हणू शकत नाही. ती चहा टाकेल, खुर्च्या मांडेल आणि पुन्हा सगळे सांगेल. कोणाच्या अंगणातील दुःख हे अहवालासाठीचे उदाहरण होऊ देऊ नये. कर्ज, पाऊस, बियाणे, हमीभाव यांबद्दल आपल्या घरातील हिशेबाची वही उघडून सांगता येते, आणि ज्याला खरोखर समजून घ्यायचे आहे त्याला ती पुरते.

गट मोडल्यानंतर

अनेक संस्था पहिल्या सत्रानंतर किंवा वर्षानंतर गट बदलतात. नवीन यादी लागली की जुन्या गटाने भेटण्यासाठी निमित्ताची वाट पाहू नये. महिन्यातील एक ठरावीक जेवण तसेच चालू ठेवावे आणि कोणा एकाने, शक्यतो तुम्ही, त्याची आठवण देण्याचे काम घ्यावे. पदवीनंतर माणसे मुंबई, बंगळूर, लागोस, पॅरिस अशी विखुरतात आणि वर्षातून एकदा वाढदिवसाच्या शुभेच्छा उरतात. तेवढ्याने नाते तुटत नाही, परंतु पाच वर्षांनी एखाद्या कामासाठी लिहायची वेळ आली की जुना संकोच पुन्हा वर येतो. अशा वेळी लांबलचक क्षमायाचना न करता सरळ लिहावे: बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला तुझ्या देशात हळद पाठवायची आहे, तेथील नियम जाणणाऱ्या एखाद्या माणसाशी या महिन्यात माझी ओळख करून देता येईल का, जमत नसेल तर तसे कळव, आणि मुलगी आता केवढी झाली तेही लिही.